सेबर कोणी पाडलं? एका टीए गनरच्या कागदपत्रांचं प्रकरण

दक्षिण नागपुरातल्या एका वस्तीतल्या मंडळाला वाचनालयाच्या भिंतीवर फलक लावायचा होता. मजकूर ठरलेला होता: ‘१९६५ च्या युद्धात कलाईकुंडा विमानतळावर शत्रूचं सेबर विमान तोफेनं पाडणारे आपल्या वस्तीचे वीर गनर’, आणि खाली नाव. मंडळातल्या एका सावध गृहस्थांनी सुचवलं की नगरसेवक येणार, पेपरात बातमी जाणार, तेव्हा एकदा कोणाकडून तरी तपासून घ्या. मी तोफखान्यात हवालदार क्लार्क होतो. निवृत्तीनंतर लोकांना जुने फौजी कागद वाचून देतो. म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

घरच्यांच्या परवानगीनं हे प्रकरण लिहितो आहे. नाव, वस्ती आणि रेजिमेंटचा क्रमांक गाळला आहे, कारण त्यातल्या दोन गोष्टी एकत्र आल्या तरी नागपुरात घर सापडायला संध्याकाळ पुरते. घरात सगळे त्यांना ‘आबाजी’ म्हणत, मीही तेच म्हणतो.

घरचं म्हणणं

आबाजी रेल्वेत फिटर होते. मोतीबागच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, त्याआधी बरीच वर्षं पश्चिम बंगालमधल्या खडगपूरला होते. त्यांच्याबद्दल घरात तीन गोष्टी पक्क्या धरलेल्या होत्या. ते ‘मिलिटरीत तोफेवर’ होते, पासष्टच्या लढाईत त्यांनी पाकिस्तानचं विमान पाडलं, आणि त्याचंच मेडल त्यांना मिळालं. दर दसऱ्याला ते मेडल शस्त्रपूजेच्या पाटावर असायचं, आणि आदल्या दिवशी सूनबाई ते पितांबरीनं घासून लख्ख करायच्या.

नातवानं आपल्या परीनं शोध घेतला होता. सीताबर्डीचा किल्ला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतो. तिथं ११८ इन्फंट्री बटालियन (टीए) ग्रेनेडियर्स आहे, हे त्याला माहीत होतं. टीए म्हणजे टेरिटोरियल आर्मी, नोकरीधंदा सांभाळून अर्धवेळ सैनिकी करणाऱ्यांची फौज. टीए तर टीए, म्हणून तो २६ जानेवारीला आजोबांचा फोटो घेऊन गेला. तिथल्या जवानानं फोटोवर एक नजर टाकली आणि म्हणाला, ‘भैया, हम तो पैदल हैं. ये तोपखाना है.’ विषय तिथंच संपला. नागपूरकराला तोफ म्हटलं की १८१७ ची सीताबर्डीची लढाई आठवते, नाहीतर २०२० मध्ये कस्तुरचंद पार्कात जमिनीखालून निघालेल्या गंजक्या तोफा. आकाशाकडे तोंड करून बसलेली तोफ आपल्या नजरेपुढे येत नाही.

दुसरीकडे रेल्वेतल्या एका जुन्या ओळखीच्यांनी सगळी गोष्टच उडवून लावली होती. रेल्वेचा माणूस टीएत गेला म्हणजे तो रेल्वे इंजिनीअर्सच्या टीए युनिटातच जाणार, त्यात तोफ कुठली, रूळ आणि इंजिनं सांभाळत असतील, असं त्यांचं म्हणणं. तर्क चुकीचा नव्हता. रेल्वेची स्वतःची टीए युनिटं होती आणि रेल्वेतले बहुतेक टीएवाले तिथंच जायचे.

म्हणजे एका बाजूला विमान पाडणारा वीर, दुसऱ्या बाजूला तोफ न पाहिलेला फिटर.

तोफखाना आणि तोही अर्धवेळ

आबाजींच्या कागदांचा डबा उघडण्याआधी त्यांच्या मुलाला आणि नातवाला एक गोष्ट समजावून सांगावी लागली, कारण तिच्याशिवाय पुढचा एकही कागद लागत नाही.

इंग्रजांनी १९२० मध्ये राखीव फौजेच्या दोन शाखा केल्या. युरोपियन आणि अँग्लो-इंडियनांसाठी ऑक्झिलियरी फोर्स, आणि भारतीय लोकांसाठी इंडियन टेरिटोरियल फोर्स. आपल्या बी.एन.आर.ची, म्हणजे बंगाल नागपूर रेल्वेची, एक बटालियन ऑक्झिलियरी फोर्समध्ये होती. तिच्यात देशी फिटरला जागा नव्हती. स्वातंत्र्यानंतर हा भेद गेला. १९४८ मध्ये टेरिटोरियल आर्मी कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते टीएचं उद्घाटन झालं. म्हणून ९ ऑक्टोबर हा टीए दिन.

आज टीए म्हटलं की इन्फंट्री बटालियन, रेल्वे आणि तेल क्षेत्रातली युनिटं, झाडं लावणाऱ्या पर्यावरण बटालियन एवढंच लोकांना ठाऊक असतं. पोरांना तर २०११ मध्ये धोनी मानद लेफ्टनंट कर्नल झाला तेव्हा हा शब्द कळला. पण पहिल्या वीस-बावीस वर्षांत टीएमध्ये जवळजवळ सगळीच हत्यारं होती: चिलखती दल, मीडियम तोफखाना, विमानवेधी तोफखाना, सिग्नल, फील्ड अँब्युलन्स, वाहतूक कंपन्या, वर्कशॉपं. १९७२ पर्यंत यातली बहुतेक युनिटं नियमित सैन्यात गेली किंवा मोडली, आणि मुख्यतः इन्फंट्री उरली. म्हणून आजच्या टीएवाल्याला टीएतल्या तोफा विचारल्या तर तो गोंधळतो. त्याच्या हयातीतली ती गोष्टच नाही.

विमानवेधी तोफा अर्धवेळ माणसांकडे देण्यामागं साधा हिशेब होता. फील्ड तोफखाना पायदळाबरोबर पुढं सरकतो. विमानवेधी तोफ बंदर, पूल, कारखाना, विमानतळ यांच्या भोवती मांडून बसते. राखण शहराची, तर राखणदारही शहरातलाच चालतो. ब्रिटननं १९३० नंतर आपल्या शहरांची विमानवेधी राखण मोठ्या प्रमाणात टेरिटोरियल आर्मीकडे दिली होती ती याच विचारानं. आपल्याकडेही गिरणीतला, गोदीतला, टपालातला, रेल्वेतला माणूस रविवारी परेड करायचा, वर्षातून एकदा कॅम्पला जायचा, तिथं विमानाच्या मागं दोरानं ओढलेल्या कापडी नळीवर गोळे झाडायचा आणि सोमवारी परत कामावर. लढाई लागली की बोलावणं यायचं. टीएत त्याला ‘एम्बॉडी होणं’ म्हणतात, परत घरी पाठवलं की ‘डिसएम्बॉडी’. आबाजींचं सगळं प्रकरण या दोन शब्दांच्या तारखांवर उभं आहे.

सरकारी नोकरांसाठी आणखी एक कलम होतं. १९५६ मध्ये कायद्यात ६-ए घातलं गेलं. त्यानुसार सरकारी आणि सार्वजनिक सेवेतल्या २० ते ४० वयाच्या माणसाला टीए सेवेचं बंधन लावता येतं. आबाजी १९५९ साली भरती झाले. स्वखुशीनं की साहेबानं सुचवलं म्हणून, हे कागदावर नाही. आजींना विचारलं तर म्हणाल्या, ‘भत्ता मिळत होता नं, आणि कॅम्पात मटण.’ मला हे कारण पटलं.

डबा

बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात एक फोटो, एक मेडल, टीएचं डिस्चार्ज बुक आणि रेल्वेच्या सर्व्हिस बुकाची निवृत्तीच्या वेळी घेतलेली नक्कल. पत्रं डब्यात नव्हती. ती माळ्यावर, पूर्वी घरोघरी असायची तशी टोकदार तारेत ओवलेली, कोळिष्टकांसकट लटकत होती. ती कोणी मोजतच नव्हतं.

आधी फोटो. नातवाची भिस्त फोटोवरच होती. वाळूच्या पोत्यांच्या गोल भिंतीत एक तोफ, भोवती सात-आठ जण. तोफेची नळी वर, टोकाला नरसाळ्यासारखा ज्वालारोधक, दोन्ही बाजूंना बसायच्या लोखंडी खुर्च्या, मागं उभं राहायचा मंच. ही ४० मिलिमीटरची बोफोर्स एल-६०. इथं ‘बोफोर्स’ ऐकून मंडळवाल्यांचे डोळे चमकले, कारण त्यांच्या मते बोफोर्स एकच, कारगिलची. ती १५५ मिलिमीटरची हॉवित्झर. कंपनी तीच स्वीडिश, पण तोफ वेगळी आणि काळही वेगळा. एल-६० दुसऱ्या महायुद्धात जगभर वापरली गेली आणि आपल्या विमानवेधी रेजिमेंटांत पुढं बरीच वर्षं टिकली.

आबाजी मंचावर मागं उभे आहेत आणि त्यांच्या हातात चार गोळ्यांची क्लिप आहे. म्हणजे ते लोडर. हे महत्त्वाचं आहे. एल-६० वर नेम धरणारे दोघं, एक आडव्या दिशेचा आणि एक उभ्या दिशेचा, त्या खुर्च्यांवर बसतात. तुकडीचा नंबर वन हुकूम देतो. लोडर वरून क्लिपा भरत राहतो आणि बाकीचे त्याच्या हाती क्लिपा पोचवतात. चार गोळ्यांची एक क्लिप आठ-नऊ किलोची.

आता विमान. कमी उंचीवरून येणारं सेबर ताशी ८०० किलोमीटरनं आलं असं धरू. सेकंदाला साधारण २२० मीटर झाले. दीड किलोमीटरवरून ते तोफेच्या डोक्यावर येईपर्यंत सात सेकंद. एल-६० मिनिटाला सुमारे १२० गोळे झाडते, म्हणजे सेकंदाला दोन. सात सेकंदांत चौदा गोळे, साडेतीन क्लिपा. तेवढ्या वेळात लोडरला वर मान करून विमान पाहायलाही फुरसत नसते. त्याची नजर क्लिप आणि खाचेवर. आणि एका ठिकाणी तोफ कधी एकटी नसते, बॅटरीच्या, म्हणजे तोफांच्या एका गटाच्या, चार-सहा तोफा एकदम सुटतात. त्यामुळं विमानवेधी तोफखान्यात ‘अमुक गनरनं विमान पाडलं’ हे वाक्य मुळातच अवघड. श्रेय तुकडीला जातं, बॅटरीला जातं. फलकावरचा मजकूर मला इथंच खटकला होता, पुढचे कागद पाहण्याआधीच.

तरी फोटोनं एक वाद मिटवला. रेल्वेतल्या ओळखीच्यांचं म्हणणं बाद झालं. आबाजी खरोखर तोफखान्यात होते, आणि डिस्चार्ज बुकावर हुद्दा गनर, युनिट विमानवेधी रेजिमेंट (टीए) असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

सात सप्टेंबर

कलाईकुंड्याची हकीकत घरात सगळ्यांना पाठ होती, पण ती अर्धी ऐकलेली आणि अर्धी यूट्यूबवरची. लेखी नोंद अशी आहे.

७ सप्टेंबर १९६५, मंगळवार. पूर्व पाकिस्तानातल्या ढाक्याच्या तेजगाव तळावरून पाकिस्तानी हवाई दलाच्या १४ व्या स्क्वाड्रनची सेबर विमानं सकाळी खडगपूरजवळच्या कलाईकुंडा तळावर आली. पहिल्या हल्ल्यात त्यांनी धावपट्टीजवळ उभी असलेली कॅनबेरा आणि व्हॅम्पायर विमानं जाळली. काही तासांनी ती परत आली, तेव्हा आपल्या दोन हंटर लढाऊ विमानांनी त्यांना गाठलं. हंटर आपल्या १४ व्या स्क्वाड्रनचे. दोन्हीकडे आकडा चौदाच, हा योगायोग. वैमानिक होते फ्लाइट लेफ्टनंट आल्फ्रेड कुक आणि फ्लाइंग ऑफिसर एस. सी. ममगाईं. झटापट खडगपूरच्या आसमंतात, अगदी खालच्या उंचीवर झाली आणि खाली लोकांनी ती माना वर करून पाहिली. एक सेबर तिथंच कोसळलं, त्याचा वैमानिक ठार झाला. कुक आणि ममगाईं दोघांनाही वीरचक्र मिळालं.

म्हणजे त्या दिवशी सेबर पडलं हे खरं, पण श्रेय हंटरवाल्यांच्या नावावर आहे, तोफांच्या नाही.

मुलगा म्हणाला, ‘पण काका, बाबूजी तिथं होते नं? तोफ तर चालवली असंल त्यांनी. लिहिणाऱ्यांनी विमानवाल्यांचं नाव लिहिलं.’ शंका रास्त होती. टीएच्या गनरला कोण विचारतो, हे मलाही माहीत आहे. म्हणून प्रश्न बदलला. विमान कोणी पाडलं हे बाजूला ठेवून आधी हे पाहू, की त्या मंगळवारी सकाळी आबाजी होते कुठं?

रेल्वेचं पुस्तक

याचं उत्तर फौजी कागदात नव्हतं. डिस्चार्ज बुकात भरतीची तारीख, सेवामुक्तीची तारीख आणि एकूण एम्बॉडी सेवा होती, पण प्रत्येक बोलावण्याची वेगळी तारीख लिहिलेल्या पानावर पाणी पडून शाई पसरली होती. रेजिमेंटला विचारावं तर ती रेजिमेंट टीए म्हणून उरलीच नाही. शिवाय १९९४ मध्ये हवाई संरक्षण शाखा तोफखान्यापासून वेगळी झाली, त्यामुळं जुन्या कागदांची वाट आणखी एक वळण घेते. नियमित झालेल्या रेजिमेंटांचे छोटे इतिहास मी पाहिले आहेत. टीएची वर्षं त्यात एखाद्या परिच्छेदात उरकलेली असतात, कारण लिहिणाऱ्याच्या लेखी खरा इतिहास नियमित झाल्यापासून सुरू होतो. माणसंही पांगलेली. नियमित फौजेत जुने सोबती दर वर्षी बडाखान्याला भेटतात, नावं उजळत राहतात. टीएचा माणूस गिरणीत परत गेला की त्याचा सोबती म्हणजे शेजारच्या मागावरचा.

मग राहतो मालक. अर्धवेळ सैनिकाचा सगळ्यात चोख हिशेब त्याच्या नागरी मालकाकडे असतो, असं माझं मत या प्रकरणात पक्कं झालं. त्याचं कारण कायद्यातच आहे. टीए कायद्याच्या कलम ७ नुसार लष्करी सेवेहून परतलेल्या माणसाला आधीपेक्षा कमी नाही अशा अटींवर कामावर परत घेणं मालकाला भाग आहे. कलम ७-ए त्याचा भविष्यनिधी आणि तसे हक्क राखतं. आता हक्क राखायचा तर कोणत्या दिवशी गेला आणि कोणत्या दिवशी आला हे लिहावंच लागतं. लढाईत रेजिमेंटचा क्लार्क एखादी तारीख चुकवेल, पण वेतनवाढीचा प्रश्न असला की रेल्वेचा बाबू चुकवत नाही.

आबाजींच्या सर्व्हिस बुकात लाल शाईत तीन नोंदी सापडल्या. पहिली, नोव्हेंबर १९६२ मध्ये टीए सेवेसाठी कार्यमुक्त, १९६४ च्या मध्याला पुन्हा रुजू. ही चीन युद्धानंतरच्या आणीबाणीतली. तिसरी १९७१ च्या हिवाळ्यातली. आणि मधली, जिच्यासाठी आम्ही पानं उलटत होतो: ‘टीएच्या लष्करी सेवेसाठी कार्यमुक्त, ११-९-६५, एफ.एन.’ एफ.एन. म्हणजे दुपारपूर्वी. रेल्वेला अर्ध्या दिवसाचाही हिशेब लागतो.

अकरा सप्टेंबर. विमान सातला पडलं.

म्हणजे सात तारखेला आबाजी फौजेत नव्हतेच. ते खडगपूरच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून कामावर होते. मुलगा बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसला. मग म्हणाला, ‘तारीख मागाहून टाकली असंल.’ तसं होऊ शकतं, बाबू लोक मागाहून नोंदी करतात. म्हणून तारेतली पत्रं खाली काढली.

त्यात एक अंतर्देशीय पत्र निघालं, खडगपूरच्या शिक्क्याचं, ८ सप्टेंबर १९६५. आबाजींनी नागपूरला वडिलांना लिहिलेलं. प्रकृतीची चौकशी, मनीऑर्डर पाठवल्याचं, आणि मग एका दमात कालची हकीकत. भोंगा वाजला, सगळे शेडबाहेर आले, फोरमन ओरडत होता की आत व्हा पण कोणी ऐकेना. डोक्यावर विमानं एकमेकांच्या मागं लागली होती, एकाला आग लागली आणि ते शेतांच्या दिशेनं गेलं, पडल्याचा आवाज आला. शेवटी लिहिलं होतं की पलटणीचं बोलावणं अजून आलेलं नाही, पण दोन-चार दिवसांत येईल असं सगळे म्हणतात, तेव्हा काळजी करू नये.

त्यांनी ते विमान पडताना पाहिलं होतं. कारखान्याच्या अंगणातून, हातात पाना घेऊन.

मेडल

घरच्यांची शेवटची आशा मेडलवर होती. भारतीय मेडलांच्या कडेवर सहसा नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट कोरलेलं असतं. इथं वर्षानुवर्षांच्या पितांबरीनं कड जवळजवळ गुळगुळीत झालेली. टॉर्च आडवी धरली तेव्हा अक्षरांच्या सावल्या दिसल्या. मग ट्रेसिंग पेपर गुंडाळून मऊ पेन्सिलीनं हळूहळू घासलं, तसं ‘गनर’ आलं, नावाचा मधला भाग आला आणि शेवटी कंसातली टीएची दोन अक्षरं.

पण हे मेडल पासष्टचं नव्हतंच. ते संग्राम मेडल होतं, १९७१ च्या युद्धाचं. ते पराक्रमासाठी मिळत नाही. ठरावीक राज्यांत डिसेंबर १९७१ पासून वर्षभराच्या काळात जे सेवेत होते त्यांना ते मिळालं, आणि त्या राज्यांत पश्चिम बंगाल आहे. सर्व्हिस बुकातली तिसरी लाल नोंद त्याच्याशी जुळते. म्हणजे मेडल खरं, मेहनतीचं, फक्त दुसऱ्या युद्धाचं.

सूनबाईंनी विचारलं, ‘आता घासू का नको?’ नको म्हटलं. कोरड्या कपड्यानं पुसा, तेवढं पुरे.

आजी काय म्हणाल्या

‘म्हणजे बाबूजी खोटं सांगून राहिले होते का आम्हाला?’ हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते आजींनी दिलं. त्या पलंगावर बसून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘ते कधीच नाही म्हणले की मी पाडलं. आपल्या लोकांनी आमच्या डोळ्यांदेखत पाडलं, असं म्हणायचे. पाडलं तुम्ही लोकांनी.’ मुलगा हसला. शाळेत पहिल्यांदा ही गोष्ट आपणच रंगवून सांगितल्याचं त्याला आठवलं म्हणे.

अशा गोष्टी कशा घडतात हे मी इतर घरांतही पाहिलं आहे. टीएच्या माणसाची दोन आयुष्यं शेजारीशेजारी चालतात. घरातल्या पोराला बाप एकच दिसतो. तो तोफेवर असतो हे माहीत, विमान पडलं हे माहीत, मेडल समोर आहे. तिन्हींची गाठ मारायला कोणाला खोटं बोलावं लागत नाही.

फलक

मंडळाच्या बैठकीत मी तारखा वाचून दाखवल्या. अध्यक्षांचा चेहरा पडला. ‘मग फलक कशाचा लावायचा? फिटरचा फलक कोण लावते?’ मला राग आला आणि मी तो लपवला नाही. हातातलं काम, पगार, पोरंबाळं सोडून हा माणूस तीनदा बोलावण्यावर गेला, बासष्टनंतर, पासष्टला आणि एकाहत्तरला. पहिल्या वेळी दीड वर्षाहून जास्त. दर वेळी परत येऊन त्यानं त्याच बाकावर काम सुरू केलं. नियमित सैनिकाला निदान हे ठाऊक असतं की हाच आपला धंदा. आमच्या वस्तीतून असं तीनदा गेलेला दुसरा कोणी असेल तर त्याचाही फलक लावा, असं मी म्हणालो. यावर थोडी गडबड झाली, पण त्या सावध गृहस्थांनी बाजू घेतली आणि मजकूर बदलला.

नव्या मजकुरात ‘पाडणारे’ गेलं. त्याजागी आलं: ‘टेरिटोरियल आर्मीच्या विमानवेधी तोफखान्यात १९५९ ते १९७२ गनर. १९६२, १९६५ आणि १९७१ मध्ये देशाच्या बोलावण्यावर रेल्वेची नोकरी सोडून रुजू.’ ‘वीर’ हा शब्द ठेवावा असा आग्रह होता, तो ठेवला. त्याला कोणत्याही तारखेची हरकत नाही. पेंटरनं आधीच नेटवरून कारगिलची बोफोर्स उतरवून घेतली होती. तिला पांढरा रंग मारून एल-६० काढावी लागली, मंचावर क्लिप घेतलेला लोडर आणि बाजूच्या दोन खुर्च्यांसकट. त्याचे जास्तीचे पैसे अध्यक्षांनी कुरकुरत दिले.

उरलेलं काम

आजींना माजी सैनिकाची पत्नी म्हणून दाखला मिळेल का, हाही प्रश्न मुलानं विचारला होता. इथं उत्तर लवकर मिळालं आणि ते नकाराचं होतं. टीएच्या माणसाला माजी सैनिक धरायचं तर सलग एम्बॉडी सेवेचं निवृत्तिवेतन, सेवेतून आलेलं अपंगत्व किंवा शौर्य पुरस्कार यांपैकी काहीतरी लागतं. आबाजींची सेवा तुकड्यातुकड्यांची, वरच्यापैकी एकही नाही. रेल्वेची फॅमिली पेन्शन आजींना मिळते आहेच. मुलाला वाईट वाटलं. आजी म्हणाल्या, ‘जे मिळून राहिलं ते का कमी आहे?’

एक गोष्ट मात्र मिळण्यासारखी दिसते. इतर हुद्द्यांच्या टीए सैनिकांसाठी बारा वर्षांच्या सेवेबद्दल टेरिटोरियल आर्मी मेडल आहे. आबाजींची भरती १९५९ ची, सेवामुक्ती १९७२ ची. डब्यात ते मेडल नाही आणि डिस्चार्ज बुकात दिल्याची नोंदही नाही. १९७२ मध्ये रेजिमेंट नियमित होण्याच्या धांदलीत राहून गेलं असावं, असा माझा अंदाज आहे. नातवानं त्याची विचारणा करणारा अर्ज लिहिला आहे. सोबत डिस्चार्ज बुकाची प्रत, मेडलच्या कडेचं पेन्सिलीचं घासपत्र आणि रेल्वेच्या सर्व्हिस बुकातल्या तिन्ही लाल नोंदींच्या साक्षांकित प्रती जोडल्या. अर्जात विमानाचा उल्लेख नाही.